हिरवं कुठं गेलं

सोमवार, ३ फेब्रुवारी १९९७

नोकरी लागली! अंधेरीच्या लॅबोरेटरीत काचसामान धुवायचं. जागा झकास. मोरी आमच्या अख्ख्या खोलीएवढी आणि नळाला दिवसभर पाणी. श्यामसुंदर सर तिथले मोठे साहेब, मला अहोजाहो करतात. काय काय धुतलं ते रोज लिहायला त्यांनी दोन वह्या दिल्या. एकीत भागतं, ही दुसरी माझी. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पुरे.

सुगंधा जोगेश्वरीला माझ्याकडे आलीय. पहिलटकरीण, सहावा संपत आला. पोरीचं बाळंतपण नीट करायचं, दुसरं मागणं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सरांनी जांभळा दिवा दाखवला. काळोख्या खोलीत उंदीर ठेवून दिवा लावला, तर त्याच्या पोटात हिरवं चमकतंय, केळीच्या कोवळ्या पानासारखं. समुद्रातल्या त्या काचेसारख्या बुळबुळीत गोळ्यांच्या अंगातून काढतात म्हणे हे. आमच्या गावच्या किनाऱ्यावर पायाला लागले की आग व्हायची, तेच. उंदरांना गाठीचा रोग देतात, तो दिसत नाही, म्हणून त्याला हिरवं जोडून दिलं. हिरवं जिथं, रोग तिथं. म्हणजे चोराच्या पाठीला कंदील. हुशार माणूस.

हातमोजे घाला म्हणून तीनदा सांगितलं. हो म्हटलं. रबरातून काच कळते का कधी? ओल्या काचेवर बोट फिरवलं की किर्रर्र वाजलं पाहिजे, मग ती स्वच्छ. उंदरांचे पिंजरे बघणारी द्रौपदी म्हणाली, वनमाला, बाटली धुतेस की नवरीला न्हाऊ घालतेस गं? म्हटलं, तुझे उंदीर दे इकडे, ते पण वाजवून दाखवते.

रविवार, १६ फेब्रुवारी

सुगंधाचं डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, हिरवा चुडा, केसांत अबोली. वाटी उघडली तर पेढा निघाला, बायकांनी नुसता गोंगाट केला. पहिला घास मी भरवला, मग म्हणाली सगळेच तू भरव. रोज संध्याकाळी पोटाला खोबरेल चोळते. बाळ हाताखाली लाथ मारतं. वांड निघणार.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काळोख्या खोलीतून बश्या उचलायला गेले. दिवा चालू राहिला होता. माझी बोटं हिरवी. पाचही.

सोड्याने घासली. राखेने घासली. परत दिव्याखाली धरली, तशीच. कातडीवर नाही ते. आत आहे. नखांखालून शिरेनं वर चाललंय.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

द्रौपदीला विचारलं, गाभण उंदरांचं काय होतं गं? ती हसली नाही. म्हणाली, आईच्या अंगातलं सगळं पिल्लांत उतरतं. पिल्लं बाहेर आली की आईची नुसती कातडी उरते, ती मी उचलून टाकते. आणि पिल्लं? पिल्लं मरत नाहीत म्हणाली. खायला नाही दिलं तरी वाढतात.

मी रोज तेल चोळलं. रोज. ह्याच हातांनी.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सुगंधाला डबा घेऊन बोलावलं. सर जेवायला गेले होते. काळोख्या खोलीत उभी केली, डोळे मीट म्हटलं, दिवा वाईट असतो डोळ्यांना. शहाणी पोर, मिटले.

साडीतून बाळ दिसलं, हिरवं. पाठीचा कणा, मणी न् मणी. मूठ. मूठ उघडली. बोटं मोजली मी. सात. परत मोजली, एकाच हाताची. मग त्याने तोंड दिव्याकडे वळवलं.

आई, झालं का गं, म्हणाली. झालं म्हटलं.

शनिवार, १ मार्च

सरांना सगळं सांगितलं, हातमोज्यांचं पण. ओरडले असते तर बरं झालं असतं. मोजपट्टी काढली, दिव्याखाली माझ्या हाताला लावली. कोपराच्या वर चार बोटं. तारीख लिहिली. औषध विचारलं तर म्हणाले, हिरवं फक्त दाखवतं, वनमालाबाई. थांबवायचं कुणालाच येत नाही.

बुधवार, ५ मार्च

सुगंधा वाळत चाललीय. गाल बसले. बांगड्या कोपरापर्यंत जातात. पोट मात्र —

भरवत नाही मी आता. तेल पण नाही. रुसली. म्हणाली, माझी किळस येते का गं तुला? काय सांगू? तोंड फिरवून भाजी चिरली.

शुक्रवार, ७ मार्च

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ उत्तम, आई जरा अशक्त, दूध पाजा. मी हिरव्याचं सांगायला लागले तर माझाच ताप बघितला.

त्यांच्याकडे तो दिवा नाही.

रविवार, ९ मार्च

कळा. सातव्यातच. भर दुपार. शेजारीण गाडी आणायला गेलीय. मी लिहितेय कारण हात रिकामे ठेवले तर —

ऊन आत आलंय. उन्हात पण हिरवं दिसतंय आता. दिवा लागत नाही.

पाय उचलले तिचे. वजनच नाही. कापूस. हात धर म्हणाली. धरला. आता काय राहिलंय वाचवायचं. हाडं लागत नाहीत हाताला, बांगड्या सगळ्या गळाल्या — विचारते, बाळ नीट आहे ना. हो म्हटलं. नीट आहे गं. नीट —

गप्प झाली.

आई म्हणून हाक आली. सुगंधाचे ओठ मिटलेले. परत आली. आई. खालून, साडीच्या —