सहदेवाचा दप्तर

सहदेवाच्या बापाशीक,

पेज चुलीर आसा. मी देवगडाक म्हायेराक, आवशीकडे जातंय.

काल मास्तरांनी बसवलेल्या नाटकात तुमी डिटेक्टिव झालास, शाळेतल्या पोरांचे खून कोणी केले ता शोधणारे. मेलेल्या पोरांच्या उशाक ठेवूक आमच्या सहदेवाचा दप्तर दिलास. कुंकवाचा पाणी शिंपडून त्याचा रक्त केलास.

ह्याच मास्तरान तापान फणफणलेल्या सहदेवाक दिवसभर उन्हात उभा करून ठेवल्यान. पोर गेला तेव्हा तुमी म्हणालास, "मास्तरांक कोण विचारतलो?"

काल त्यांच्याच म्होरे गरजलास, "सांगा, या लेकरांना कोणी मारलं?" मास्तरांनीच पयली टाळी वाजवल्यानी.

दप्तर धुवन घेवन जातंय. तुमच्या गळ्यात इतको आवाज आसा, ह्या माका म्हायतच नव्हता.

सहदेवाची आवस