दिवा बंद असताना

३ नोव्हेंबर १९९८
आज कामावर रुजू झाले. कसबा बावड्याच्या ट्रक गॅरेजमागची लहानशी खोली, बाहेर गाळपाला निघालेल्या उसाचा वास. नवरा, चन्नवीर, गेल्यापासून आज पहिल्यांदाच सकाळी भराभरा आवरलं. धाकटा भाऊ सोमेश इथंच ट्रक चालवतो. त्यानंच शब्द टाकला. बाळासो मिस्त्रींनी काम शिकवलं. इंजिनातलं वापरलेलं तेल दोन काचांमध्ये दाबायचं, खालून दिवा लावायचा. तेल चांगलं असेल तर उजेड आरपार जातो, वरच्या मीटरचा काटा चढतो. काजळी धरली असेल तर काटा पडून राहतो. मग तेल बदलायचं. दर वेळी आधी दिवा बंद करून काटा शून्यावर आहे ना, ते बघायचं. ड्रायव्हर आपापली बाटली स्वतः भरून आणतात.

९ नोव्हेंबर
केरबा ड्रायव्हरच्या तेलाला दिवा बंद असताना काटा हलला. काळंकुट्ट तेल, उजेड कुठून येणार? बाळासो म्हणाले, मीटर जुनं आहे, स्क्रू पिळून शून्यावर आणा. आणला.

११ नोव्हेंबर
बिद्रीच्या रस्त्यावर ट्रक उलटला. केरबा गेला. त्याची काच अजून मीटरखालीच होती. काढली तर काटा शून्याच्याही खाली. स्क्रू परत फिरवावा लागला. मीटर बिघडलं नव्हतंच.

१६ नोव्हेंबर
सोमेशची बाटली. दिवा बंद. काटा चढला.
तेल खराब आहे असं खोटंच सांगून त्याचा ट्रक थांबवला. त्याला दुसरा दिला. त्या ट्रकच्या तेलाची बाटली त्यानं आणली, तिलाही तेच. म्हणजे ट्रकचं नाही, आणणाऱ्याचं. त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "आक्का, तू तेल बघ की. माझं तोंड काय बघतीस?"

१७ नोव्हेंबर
सकाळी त्याचीच बाटली त्याच्यावरून उतरवली. ड्रायव्हर हसत होते. लिंबं महाग झाली वाटतं, म्हणाले. उतारा तीन रस्त्यांच्या तिकटीवर टाकून मागं न बघता यायचं असतं. गेलेही. पण गुण आला की नाही, कसं कळणार? बाटली परत आणली. मीटरखाली धरली. काटा पार टोकाला.

१८ नोव्हेंबर
सोमेश सुखरूप आला. त्याचं तेल बाळासोंनी तपासलं, शून्य. देवा.
पण आता कुणाचंही तेल मी ठेवलं की काटा चढतो. बाळासोंनी ठेवलं, शून्य. मी ठेवलं —

दुपार
काचा पुसल्या. तेल नाही, दिवा नाही. नुसतं बोट ठेवलं. काटा टोकाला —

सोमेश न्यायला आलाय. म्हणतो, ट्रकात बस, घरी सोडतो. मी बसले तर तोही — कडी घातलीय. जा म्हटलं. ऐकत नाही. खिडकीतून हात घालून त्यानं कडी —