डोळे त्या घरातून आणायचे

आप्पा, तुम्ही दुसऱ्यांच्या घरांत दिसायला लागलात, म्हणून लिहायला बसलेय. नाहीतर मला कुठली सवड. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि तुम्हीही कधी लेकीच्या स्वप्नाबिप्नात आला नाहीत, ते बरंच होतं. माझी चौथीपर्यंतची शाळा, आणि पुढं बाद फोटोंच्या पाठीवर तुम्ही गिरवून घेतलेली अक्षरं, तेवढ्या भांडवलावर लिहितेय. चुकलं तर चुकलं. कान धरायला आता कोणी नाही.

हिमायतनगरचा स्टुडिओ अजून आहे. मालक गेले, आता त्यांची थोरली मुलगी बघते. तिनं पुढं काचेचं दार केलं, आतली अंधारी खोली मोडून तिथं बाहेरदेशाहून आलेलं छपाईचं मशीन ठेवलं. मागची तुमची खोली आहे, पण ओळखणार नाही तुम्ही. एसी लावला तेव्हा तुमच्या खिडकीवर प्लायवूड ठोकलं. ती चार काचांची खिडकी, वरच्या उजव्या काचेचा कोपरा फुटलेला आणि तुम्ही तिथं पुठ्ठा चिकटवलेला, आठवते ना? त्या खिडकीकडे तोंड करून तुम्ही बसायचात आणि खिडकीकडे पाठ करून, तुमच्यासमोर स्टुलावर मी. आता तिथं दोन कंप्युटर आहेत. जुने फाटके फोटो आधी मशीनमधून पडद्यावर घ्यायचे, तिथं दुरुस्त करायचे, मग छापायचे. ब्रश नाही, शाई नाही, ब्लेड नाही. हे काम करते मी. इतरांना कंप्युटर येतं पण फोटो येत नाही, म्हणून मला ठेवलंय. इंग्रजी वाचता येत नसलं तरी कुठल्या चित्रावर दाबलं की काय होतं, ते पाठ केलंय.

आणि ते काम अजून येतं. तुम्हाला वाटलं असेल ते तुमच्याबरोबर संपलं. अहो, घरोघरी टीव्ही आले, पोरं अमेरिकेत गेली, तरी कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसाचा पहिला फोटो शेवटच्या दिवशीच निघतो. उशीला टेकवून बसवलेला, नाकातला कापूस काढून घाईनं घेतलेला, डोळे मिटलेले. मग दहावं उरकलं की आणतात. म्हणतात, भिंतीवर लावायचाय, जरा डोळे उघडून द्या.

तुम्ही मला सगळं करू द्यायचात. साडीचे काठ, मागचा पडदा, गालावरचे डाग. डोळ्यांना मात्र हात लावायचा नाही म्हणून ताकीद होती. एकदाची गोष्ट, मी चौदा वर्षांची आहे. तुम्ही डबा खायला मागच्या ओट्यावर गेलाय. टेबलावर एका बाईचा फोटो, सगळा तयार, फक्त डोळे राहिलेत. मला दम कुठला निघतोय. तुमचा बारीक ब्रश घेतला आणि काढले. चांगले काढले, आजही सांगते, सुरेख काढले होते. तुम्ही आलात, बोटांना दहीभात तसाच. बघितलंत. ओरडला असतात तर परवडलं असतं.

“बघितली होतीस का तिला?”

“नाही.”

“मग हे कोणाचे डोळे लावलेस?”

“कोणाचे नाहीत. नुसते डोळे आहेत.”

“नुसते डोळे नसतात, पोरी. ते कोणाचेतरी असतात. तू नाही आणलेस तर ते आपले आपण कुठून तरी येतात.”

आणि हात धुऊन, ब्लेड घेऊन, ते दोन्ही डोळे तुम्ही खरवडून काढलेत. त्या ब्लेडचा आवाज अजून माझ्या दातांत आहे.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तुम्ही त्या बाईच्या घरी गेलात. तुमची पद्धतच ती. मेलेल्याचे डोळे त्याच्याच घरातून आणायचे. बहीण असेल, लेक असेल, नातू असेल, ज्याच्याकडे ते डोळे गेलेत त्याच्यासमोर बसायचं, चहा घ्यायचा, आणि बघायचं. त्या बाईच्या धाकट्या बहिणीसमोर तुम्ही मला तासभर बसवलंत. “बघत बस, बडबड नको.” ती बिचारी लाजून लाजून पदराशी खेळत होती. परत आल्यावर तुम्ही तोच बारीक ब्रश माझ्या हातात दिलात, म्हणालात, “आता काढ. आणि हा आता तुझाच.” तेवढीच एक वस्तू तुम्ही मला स्वतःहून दिलीत. त्याचे केस केव्हाच झडले. काडी ठेवलीय.

कंप्युटर आल्यावर घरी जाणं सुटलं. कोणाला वेळ आहे? लोक सकाळी देतात, संध्याकाळी मागतात. मी मेलेल्याच्या पोराचा नाहीतर भावाचा पासपोर्ट फोटो मागून घ्यायची, त्यातले डोळे माऊसनं कापून इकडे चिकटवायची. माऊस म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक डबी, टेबलावर घासत न्यायची. साबणानं रांगोळी काढून बघा, तसं ते काम. डोळे बसायचे, पण कसे, दुकानातल्या बाहुलीसारखे. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही. मीही नाही.

मग दिवाळीनंतर मालकाच्या मुलीनं सिंगापूरहून पाटी मागवली. पाटीच म्हणते मी तिला. काळी गुळगुळीत पाटी आणि तिचं पेन. पाटीवर काही उमटत नाही, उमटतं ते समोरच्या पडद्यावर. दाबलं तर जाड रेघ, उचललं तर बारीक.

“अक्का, हाथ लगाके तो देखो,” ती म्हणाली. “माऊस से कित्ता घिसते रहते.”

“नक्को. मेरे को ये खिलौने नक्को.”

“देखो तो सही! नहीं जमा तो कुकटपल्लीके नये दुकान में भेज देती. एकच चीज रखूंगी यहां. माऊस या ये, महीने के आखरी सोमवार तक बोलो.”

पेन हातात घेतलं. आप्पा, तुम्हाला एक सवय होती, ब्रश कागदाला टेकवायच्या आधी हवेतच दोन-तीनदा ती रेघ फिरवून घ्यायची. माझ्या हातानं तेच केलं. आणि पेन पाटीला टेकलेलंही नव्हतं, तरी पडद्यावरचा बाण हवेतल्या हाताबरोबर फिरला. नंतर कळलं की या पाट्या असतातच तशा, पेन जवळ आलं तरी त्यांना कळतं. पण त्या वेळी माझ्या मानेवर काटा आला. मी हाताकडे बघत नव्हते. हात इथं, रेघ तिथं, आणि मधे मी नाहीच.

पहिला फोटो तारनाक्याच्या एका म्हातारीच्या नवऱ्याचा. जुने सगळे फोटो ट्रंकेत वाळवीनं खाल्लेले, उरला तो शेवटच्या दिवसाचा. मूलबाळ नाही, कोणाचे डोळे मागणार? पेन धरलं आणि भरभर काढले. मला तर काढल्याचं फारसं आठवतही नाही. म्हातारी न्यायला आली, चष्मा पुसून बघितलं आणि तिथंच बाकावर बसली. “अगं बाई, अस्सेच बघायचे. भाजीत मीठ कमी पडलं की अस्से.” माझा हात धरून रडली. मला काय, मी खूश. दुसरी कापडदुकानवाल्यांची आजी. तीही भरभर झाली.

तिसरी कुकटपल्लीच्या एका बाईची आई. ती लेक कंपनीत नोकरी करते, फाडफाड बोलणारी, माझ्यासारखीच. तिनं पाकीट उघडलं, बघितलं, आणि फोटो काउंटरवर पालथा ठेवला.

“आंटी, ये मेरी अम्मा नहीं है.”

“तुम्हारीच है. तुमनेच फोटो लाके दिये ना?”

“मुंह अम्मा का है. अंदर से कोई मरद देख रा.”

मी चिडले. तीस वर्षं हे करतेय, मला शिकवू नको, असं काहीबाही बोलले. ती गेली. मी तो फोटो परत पडद्यावर काढला, मोठा केला. मग आधीचे दोन्ही काढले, तिन्ही शेजारी लावले, अजून मोठे केले, नुसते डोळे दिसेपर्यंत. भर दुपारी बारा वाजता, एसीची घरघर चाललेली, बाहेर ट्रॅफिक बोंबलतंय, आणि मी पडद्याला नाक लावून बसलेली.

एकच डोळे होते. डावी पापणी जरा उतरलेली. आणि बुबुळात उजेडाचा जो ठिपका मी ठेवला होता तो ठिपका नव्हता. चार काचांची खिडकी होती, एका कोपऱ्याला अंधार. त्या खिडकीवर प्लायवूड ठोकून सात वर्षं झालीत. मी तुमच्यासमोर स्टुलावर बसायची तेव्हा तुमच्या डोळ्यांत ती तशी दिसायची.

मी तुमचे डोळे विसरले होते, आप्पा. खरं सांगते. फोटोच्या दुकानात जन्म घालवलात आणि स्वतःचा एक फोटो काढला नाहीत. आहे तो मालकांनी तुमच्या शेवटच्या दिवशी काढलेला, मिटल्या डोळ्यांचा. तो मी बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिला. त्यातले डोळे उघडणार कसे? डोळे घरातून आणायचे, आणि घरात होते मी एकटी. तुम्हीच म्हणायचात, तुझे डोळे आईवर गेलेत.

त्या आठवड्यात मी पेनला हात लावला नाही. तो सोमवार जवळ आलेला. माऊस ठेवला तर काम होईल, बाहुलीचे डोळे बसतील, कोणाचं काही बिघडणार नाही, फक्त तुम्ही परत जाल. पेन ठेवलं तर तुम्ही याल, पण परक्यांच्या भिंतीवर, परक्यांच्या हारात, आणि ते लोक आपलं माणूस समजून तुमच्यापुढं उदबत्ती लावतील. ही फसवणूक आहे. मालकाच्या मुलीला काय सांगू? वेडी म्हणेल.

रविवारी बस धरून कुकटपल्लीला गेले. त्या बाईनं दार उघडलं, तोंड वाकडं केलं. म्हटलं, “भांडने नहीं आई. चाय पिलाओ, और सामने बैठो.” बसली. आधी हसली, मग चिडली, मग कप खाली ठेवून नीट बसली. तासभर बघितलं. आईचं बोलायला लागल्यावर तिच्या खालच्या पापणीत पाणी थांबायचं, सांडायचं नाही, ते घेतलं. सोमवारी सकाळी तिच्या आईचा मूळ फोटो पुन्हा पडद्यावर घेतला, पेन धरलं. हवेत फिरवलं. या वेळी हात माझा होता. खिडकी आली नाही. मी ठिपका ठेवला आणि तो ठिपकाच राहिला.

पण आधीच्या प्रतीतले ते तुमचे डोळे पुसायच्या वेळी मला पुसवेनात. तेव्हा तुम्ही ब्लेडनं खरवडलेत तेवढं पुरे झालं. डब्यातला तुमचा फोटो आणला, पडद्यावर घेतला. पेन तुमच्या चेहऱ्यावर धरायची छाती झाली नाही. पेननं काय केलं असतं कोणाला माहीत. माऊस घेतला, ती साबणाची वडी, आणि त्या परक्या बाईच्या तोंडावरून तुमचे डोळे हळूहळू उचलून तुमच्या जागी ठेवले. एका दमात बसले, कडा घासायचीही गरज पडली नाही. मी खुर्ची मागे सरकवली. तुम्ही बघत होतात. मीठ कमी पडल्यासारखेच, म्हातारीचं खरं होतं.

मालकाच्या मुलीला सांगितलं, पाटी इथंच राहू दे, माऊस पाठव कुकटपल्लीला. पण डोळ्यांचं काम आलं की मी आधी घरी जाणार, फोटो दोन दिवसांनी मिळेल. “अक्का, जमाना कहां जा रा, तुम कहां जा रे,” म्हणाली. जाऊ दे म्हटलं जमान्याला.

कापडदुकानवाल्यांना रंग उडेल म्हणून थाप मारली, फोटो परत आणला, त्यांच्या धाकट्या मुलीसमोर बसून नवे डोळे काढून दिले. त्यांना कळलंही नाही. हा कागद तुमच्या फोटोच्या मागे घालून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवू.

एवढं सांगून टाकते. तारनाक्याचा फोटो मी परत आणलेला नाही. म्हातारी खूश आहे, तिच्याकडून काय हिसकावू, असं मी मला सांगते. पण दर गुरुवारी, काही काम नसताना, मी त्या गल्लीतून जाते. दार बहुधा उघडंच असतं, आत समोरच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला तो दिसतो. मी थांबत नाही. पण दारावरून जाताना पदर नीट करते.