कासवापुढची ज्वारी

पेडगाव, बुधवार, १२ जानेवारी १९५५

अंगणातल्या आमच्या कासवाचा मागचा पाय उंदरांनी कुरतडला. थंडीनं ते गारठून पडतं, पाय आत ओढायचंही त्राण उरत नाही. भोवती दगड रचले, बिळं बुजवली, तरी उंदीर येतातच. का नाही येणार? शेजारच्या सोनावहिनी रोज त्याच्यापुढं मूठभर ज्वारी ठेवतात, देव म्हणून.

आज बोललोच, "वहिनी, ते ज्वारी खात न्हाई. पाला खातंय."

"देवानं खाल्लंच पाहिजे का, भावजी? आपून ठेवायचं."

"मग खायलाय कोण, ठाव हाय का? उंदीर. ज्वारी सरली की ह्याचा पाय खायलेत."

कासव उचलून तो पाय त्यांच्यासमोर धरला. आतलं हाड दिसत होतं. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "देव परीक्षा बघायलाय."

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "उद्यापासून ज्वारी माझ्या पायापाशी ठेवा. उंदरांना म्हाताऱ्याचा पाय चालंल."

जखमेला हळद लावून कासव खोलीत आणलं, घमेल्याखाली ठेवलं. राग अजून उतरत नाही. चार महिने ती ज्वारी मीही बघतच होतो की. वहिनींना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. त्यांचं मन राखलं, आणि पाय गेला ह्या मुक्या जिवाचा.