सोळाव्या मजल्यावरचा भूकंप विभाग

२७ मार्च, सोमवार. सकाळी.
चहाच्या कपात तरंग उठले. मी टेबलाला हात लावलेला नव्हता. समताला विचारलं, तू लावलास का. ती म्हणाली, मी ओट्याशी पोळ्या लाटतेय, लाटणं काय हवेत फिरवू? म्हणजे कारण सापडलं. तरी नोंद घेतली.
भीती वगैरे नाही. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून नोएडात येऊन चार महिने झाले. मजला सोळावा. दिल्लीच्या आसपास जमीन अधूनमधून हलते ही काही अफवा नाही. अशा वेळी जबाबदार माणसाने कपाकडे बघितलंच पाहिजे. क्वार्टरमध्ये, लक्ष्मीबाई नगरला, तळमजल्यावर होतो तेव्हा चहा नुसता प्यायचो.

२८ मार्च.
कपाटाचा खण आवरला. जुने मोबाइल पाच, टॅबलेट एक. समता म्हणाली, कबाडीवाल्याला देऊन टाका. अंशुमनला (चिरंजीव, बंगळुरू, सॉफ्टवेअर) फोन केला. तो म्हणाला, बाबा, देऊ नका, जुन्या फोनचे खूप उपयोग असतात. एक आईला किचनमध्ये रेसिपी बघायला ठेवा, एकावर गाणी लावा, एक अलार्म क्लॉक म्हणून चालेल. फोन हलला की ते फोनला कळतं, त्यामुळे त्यावर भूकंपाचं ॲपसुद्धा टाकता येतं, असंही बोलता बोलता म्हणाला.
रेसिपी वगैरे पुढचं मागचं मी फारसं ऐकलं नाही.

३० मार्च.
विभाग स्थापन झाला. सहा निवृत्त कर्मचाऱ्यांची पुनर्नियुक्ती केली. मीही निवृत्तच आहे, तेव्हा त्यांचं मन मला कळतं.
पोस्टिंग असं: माझा काळा फोन बेडरूममध्ये, समताचा गुलाबी कव्हरवाला किचनमध्ये, अंशुमनचा काच फुटलेला बाथरूमच्या फळीवर, दुसरा त्याचाच पॅसेजमध्ये, पाचवा गॅलरीत भिंतीला टेपने चिकटवून. टॅबलेट हॉलमध्ये, मुख्यालयात. हा मला रिटायरमेंटला सेक्शनने दिलेला. कधी चालू होतो, कधी होत नाही. सेक्शनची आठवण येते.
जरा हललं की सायरन. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली आहे. चार्जिंगचा प्रश्न होता, कारण जास्त प्लगवाला बोर्ड एकच आणि तोही किचनमध्ये. तोडगा काढला: सगळ्यांना एक ते दोन लंच. छत्तीस वर्षं नोकरी केली, कुठल्याही खात्यात त्या तासात काही घडल्याचं मला आठवत नाही.

१ एप्रिल.
पहिला सायरन. ताबडतोब टेबलाखाली गेलो, शास्त्र तसंच सांगतं. समता ओले हात पुसत आली आणि विचारू लागली, काय शोधताय. पेनचं टोपण, म्हटलं. ती म्हणाली, वॉशिंग मशीन स्पिनवर आहे, तो बाथरूममधला फोन कोकलतोय, बंद करा.
दुपारी दुसरा. मिक्सर. खोबऱ्याची चटणी.
दोन्ही वेळा यंत्रणेने तत्परता दाखवली. कारण चुकीचं निघालं, हा यंत्रणेचा दोष नव्हे.

४ एप्रिल.
संध्याकाळी पार्कात जाऊन एका प्रॉपर्टी डीलरला फोन केला. घरातून करता आला असता, पण रेंज पार्कात चांगली येते. म्हटलं, सोळावा मजला विकून तळमजला घ्यायचाय. तो म्हणाला, सर, लोग तो ऊपर जाना चाहते हैं, व्ह्यू के लिए. मी म्हटलं, व्ह्यू बघून झाला.
समताला आत्ता सांगायचं नाही. आधी पुरावा. यंत्रणेने तीन धक्के पकडले की व्यवस्थित केस तयार करून तिच्यापुढे ठेवायची. अर्धवट कागदपत्रांवर तिने आजवर काहीच मंजूर केलेलं नाही.
एक अडचण आहे. हॉलची एक भिंत तिने पिवळी करून घेतली आहे. तीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये भिंतींना खात्याने जो रंग दिला त्यात राहिली. हा पिवळा तिने शेडकार्डावरून चार दिवस घालवून निवडला. रोज सकाळी चहा घेऊन त्या भिंतीसमोर बसते. गॅलरीत झोपाळाही टांगला आहे. पण भिंत तळमजल्यावरही असतेच.

७ एप्रिल.
झोप नीट लागत नाही. डास असावेत. सोळाव्या मजल्यावर डास येत नाहीत असं समता म्हणते.
सोय म्हणून बूट घालून झोपतो आहे. गळ्यात शिट्टी. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवता येते, असं वाचलं होतं. आंघोळीला कडी लावत नाही. लिफ्टने जात नाही, कारण लिफ्टमध्ये अडकलो तर. जिन्याने गुडघे दुखतात, म्हणून बाहेरच जात नाही. तसं बाहेर काय काम असतं.
शेजारची सलोनी (मीडियात नोकरी, सदा धावपळीत) दारात भेटली. शिट्टी बघून म्हणाली, अंकल, आप कोच हो क्या? मी भूकंपाचा विषय काढला. ती म्हणाली, मागच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर होते, सगळ्यांनी एकमेकांना विचारलं, फील हुआ? हाँ हुआ, आणि मग मीटिंग पुढे चालू.
आजच्या पिढीला कशाचीच भीती वाटत नाही. मला काळजी वाटते, ती वेगळी गोष्ट.

१० एप्रिल.
आजपर्यंत सायरन एकोणीस. खरे शून्य. म्हणजे खरा आता जवळ आला असणार.
समताने गुलाबी फोन मागितला. चौदा तारखेला लक्ष्मीबाई नगरची मंडळी येणार, तिला कुठलासा पुलाव बघून करायचाय. नाही म्हणालो, स्टाफ कमी आहे. ती ओट्याकडे वळली. नंतर म्हणाली, तुमचा चेहरा उतरलाय, डोळ्यांखाली काळं झालंय, डॉक्टरकडे जाऊन या. म्हटलं, जाईन. डॉक्टर पाचव्या मजल्यावर बसतो.

१४ एप्रिल, शुक्रवार. रात्री.
जयंती. सकाळपासून घर सुंदर दिसत होतं. पिवळ्या भिंतीसमोर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मोगऱ्याची फुलं. बाबुराव (माझ्या सेक्शनचा, अजून लक्ष्मीबाई नगरला), त्याची प्रभावती आणि आणखी सात-आठ जण. दारातून आत येताना प्रत्येक जण जय भीम म्हणून आधी भिंतीकडे बघायचा. समता पुन्हा पुन्हा सांगत होती, रंग मीच निवडला. इतकी खूश मी तिला किती वर्षांत बघितली नाही.
वंदना झाली. खीर वाढली. प्रभावती वहिनी वाटी घेऊन गॅलरीत झोपाळ्यावर बसल्या.
गॅलरीतला फोन झोपाळ्याच्या कडीला लागूनच चिकटवला होता. तो ओरडला. सगळे दचकून उठले, खुर्च्या सरकल्या, मग पॅसेज ओरडला, मग बेडरूम, मग चक्क टॅबलेटसुद्धा. सहापैकी चार ठिकाणी एकाच वेळी सायरन. कोण शंका घेणार? मी शिट्टी फुंकली आणि सर्वांना जिन्याने खाली काढलं. मी पुढे होतो. नेतृत्व पुढे राहूनच करायचं असतं.
खाली गेटपाशी गार्ड स्टुलावर बसला होता. शेजारी कट्ट्यावर त्याच्या चहाचा ग्लास. चहा अजिबात हलत नव्हता. त्याने विचारलं, क्या हुआ साहब, ऊपर पार्टी है क्या?
तेव्हा लक्षात आलं की समता वरच राहिली आहे. प्रभावती वहिनी म्हणाल्या होत्या, मला सोळा मजले उतरता यायचे नाहीत, तुम्ही जा. समता त्यांच्याजवळ थांबली. तिचेही गुडघे दुखतात. मला हे माहीत होतं.
बाबुरावचे पाय जिन्यात असे आखडले की तो लिफ्टनेही परत वर यायला तयार होईना. त्याचं ताट लिफ्टने खाली पाठवलं. त्याने गार्डशेजारी बसून पुलाव खाल्ला. चांगला झाला होता म्हणे. कसा केला, समताने सांगितलं नाही.
एकंदरीत ड्रिल समाधानकारक. खाली पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. उतरताना कठडा घट्ट धरला होता, म्हणून.

१६ एप्रिल.
डीलरचा फोन घरच्या लँडलाइनवर आला. तो नंबर मीच दिला होता. समताने उचलला.
मी केस तयार केली नव्हती, पुरावाही नव्हता. तरी बोलायला सुरुवात केली: भूगर्भ, बिल्डरचं सिमेंट, माझं वय. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, तुम्हाला इथे झोप लागत नसेल तर विका. मी काय, तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतीत राहिले, अजून राहीन. मग ड्रॉवरमधून शेडकार्ड काढलं, पिवळ्याचा नंबर एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. तिकडे लावता येईल म्हणाली.
भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची तयारी होती.
मोठा विजय. जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल.
डीलर रविवारी गिऱ्हाईक घेऊन येणार. आनंद आहे. लवकरच तळमजला, लवकरच झोप.
समता सकाळी भिंतीसमोर चहा घेऊन बसली नाही. किचनमध्ये उभ्यानेच प्यायली. मी म्हटलं, बस की. ती म्हणाली, सवय मोडते आहे.
सायरन आज नाही. वाजावा असं वाटत होतं. वाजला असता तर मी बरोबर ठरलो असतो.

२२ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी.
धक्का झाला. खरा. टीव्हीवर सांगितलं. फार मोठा नव्हता, पण पूर्ण दिल्लीला जाणवला. लोक घरांतून रस्त्यावर आले.
वेळ दुपारी दीडनंतर. लंच. पाचही फोन आणि टॅबलेट किचनच्या बोर्डावर ओळीने चार्जिंगला. ॲप बंद. विभागप्रमुख हॉलमधल्या दिवाणावर झोपलेले. किती दिवसांनी अशी गाढ झोप लागली होती, तीही बुटांशिवाय.
मला जाग आली ती बाबुरावच्या फोनने. तो लक्ष्मीबाई नगरमधून ओरडत होता, अरे संघपाल, हललं का तुमच्याकडे, तू पळालास का, खाली आहेस का. मी म्हटलं, काय हललं? बाबुराव हसायला लागला आणि हसतच राहिला. फोन मी ठेवला.
समता दिवाणाच्या कडेला माझ्या शेजारी बसली होती. तांदळाचं ताट मांडीवर, निम्मे तांदूळ फरशीवर सांडलेले. मी विचारलं, तुला कळलं होतं? कळलं, म्हणाली. झोपाळा आपला आपण हलायला लागला, पंखा डोलला, भांडी वाजली. मी चिडलो. म्हटलं, मग मला उठवलं का नाहीस, एवढी यंत्रणा उभी केली, एवढे दिवस जागलो ते कशासाठी.
ती म्हणाली, जागलात म्हणूनच नाही उठवलं. महिन्याभरात पहिल्यांदा झोपला होतात. उठवलं असतं तर पळाला असतात. माझ्याच्याने सोळा मजले उतरवत नाहीत. मग मला वाटलं, पडायचंच असेल तर हे झोपेत असलेले बरे, निदान घाबरणार तरी नाहीत. म्हणून इथे येऊन बसले.
मी विचारलं, तुला भीती नाही वाटली? वाटली की, म्हणाली, खूप. त्याशिवाय का तांदूळ सांडले? आणि वाकून तांदूळ गोळा करायला लागली.
मीही खाली बसलो, तिच्याबरोबर वेचायला. बराच वेळ वेचत होतो. माझे हात थरथरत होते आणि इथे कठडा वगैरे काही नव्हता. घाबरलो होतो. धक्का होऊन गेल्यावर, झोपून उठल्यावर, फरशीवर बसून.

२३ एप्रिल, रविवार.
डीलरला फोन करून नको म्हटलं. तो विचारत होता, क्यों सर, भाव कम लगा? मी म्हटलं, मिसेसना व्ह्यू आवडतो.
विभाग विसर्जित. गुलाबी फोन समताला दिला, ओट्यावर रेसिपीसाठी. गॅलरीतल्यावर आता तिची गाणी लागतात. टॅबलेट आज चालूच झाला नाही. त्याला रीतसर निरोप दिला. बाकीचे तीन फोन सलोनी ऑफिसमधल्या ई-वेस्टच्या डब्यात टाकणार. शिट्टीही टाकू का, तिने विचारलं. शिट्टी राहू दे म्हटलं.
समता पर्समधली चिठ्ठी काढून परत ड्रॉवरमध्ये ठेवत होती, तेव्हा सहज म्हणाली, काल हलत होतं तेव्हा मी तुमचा हात धरून बसले होते. हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे झोपेत का होईना, मी ड्यूटीवर होतो, तिला आधार दिला. खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, मी पण घट्ट धरला होता ना?
नाही, म्हणाली. तुम्ही घोरत होतात.