एक ओळ राहिली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त, विधुर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब सोडला तर तब्येतीची तक्रार नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट हे लिहू नये म्हणून एकाने दोनदा फोन केला. तो माझा मुलगा. त्याला माझे उत्तर तिसऱ्या कलमात आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. माझी सर्व हत्यारे, लोखंडी पेटीसह, माझ्या जुन्या सहकाऱ्याला द्यावीत. त्याला आम्ही 'टेंपररी' म्हणायचो, कारण साहेबांनी त्याला सव्वीस वर्षे कायम केले नाही. ती हत्यारे तरी त्याच्याकडे कायमची राहोत.

कलम २. बँकेतील शिल्लक आणि पत्नीचे दागिने मुलाचे. यात कोणाचा वाद नाही.

कलम ३. घर. हे कलम लांबणार आहे, वाचणाऱ्याने धीर धरावा.

वडील गेल्यावर आईने चिठ्ठ्या टाकून घराचे दोन भाग केले. खिडकीची बाजू दादाला आली, मला मागची. दादा आईचा लाडका, तेव्हा चिठ्ठ्यांत काहीतरी गडबड झाली असे मी मनात धरले. पुरावा काही नव्हता. एका रविवारी दादा चर्चला गेलेला असताना मी फळ्या आणि प्लाय आणून मधली भिंत उभी केली आणि ठरलेल्या खुणेपासून दीड फूट त्याच्या बाजूला सरकवली. दादा परत आला, त्याने भिंतीकडे पाहिले आणि तो आत गेला. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. आईच्या अंत्यविधीलाही दोन टोकांना उभे राहिलो.

दादा रोज सकाळी सहाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्याने वाचायचा. एक दिवस, एक अध्याय, क्रमाने. प्लायमधून शब्द न् शब्द ऐकू यायचा, म्हणून मी रेडिओ मोठा करायचो. माझे स्वतःचे वाचन म्हणाल तर शून्य. पत्नीची प्रत कपाटात होती, तिच्यामागे कपाटातच राहिली.

एका सकाळी रेडिओ बिघडलेला होता. दादाने एक स्तोत्र वाचले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि मध्येच अडखळून पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा माझ्या लक्षात आले की तो वाचत नाही, पाठ म्हणतो आहे. त्याला साखरेचा आजार होता. डोळे गेले होते आणि भिंतीपलीकडे राहून मला ते माहीत नव्हते. त्याची मुलगी, माझी पुतणी, रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळच्या पाळीला ती साडेपाचलाच घर सोडायची. त्याला वाचून दाखवणारे कोणी नव्हते.

चौथ्या दिवशी मी पत्नीची प्रत काढली. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून पहिल्या पानापासून केली. भिंतीकडे तोंड करून, मोठ्याने. पलीकडचा आवाज थांबला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, अगदी भिंतीपर्यंत.

पाचव्या अध्यायात नुसती नावे. मी 'महल, महल' करत तीनदा अडकलो.

"महललेल," पलीकडून आवाज आला. "चल पुढे."

अकरा वर्षांतले हे त्याचे पहिले शब्द. मी पुढे गेलो.

खरे सांगायचे तर मी भक्तीने वाचत नव्हतो. कंटाळा यायचा, झोप यायची. पण सहाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मला उठावेच लागे. असे सहा महिने गेले. मग तो अध्याय आला, ज्यात एकामागून एक शाप आहेत आणि प्रत्येकाला लोक आमेन म्हणतात. आईबापाचा अवमान करणाऱ्याची ओळ मी वाचली. पुढची ओळ हद्दीचा दगड सरकवणाऱ्याची. ती मी नजरेनेच ओलांडली आणि आंधळ्याची वाट चुकवणाऱ्याची ओळ सुरू केली.

"धाकट्या," दादा म्हणाला, "मधली एक ओळ राहिली."

मी बोट एक ओळ मागे नेले आणि ती वाचली. पलीकडून शांतपणे "आमेन" आले.

अध्याय तसाच ठेवून मी बाहेरून वळसा घालून त्याच्या दारात गेलो.

"दादा, भिंत दीड फूट तुझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे. आता मी घर पावलांनी मोजतो. त्याआधी डोळ्यांनी मोजलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आधी रागाने बोललो नाही. नंतर तू वाचायला लागलास. म्हटलं, येशील तिथपर्यंत."

मी भिंत त्याच दिवशी हलवतो म्हणालो. त्याने हात हलवून नको म्हटले. "मी आहे तोवर राहू दे. खुर्चीची जागा बसली आहे. आणि आवाज चांगला येतो. जा, अध्याय पुरा कर."

तो पाच वर्षांनी गेला. शास्त्राची आमची दुसरी फेरी चालू होती. त्यानंतर भिंत हलवायला माझेच मन झाले नाही.

म्हणून भिंतीलगतची दीड फूट रुंद, अठरा फूट लांब जागा मी पुतणीला देत नाही, परत करतो. भिंत मूळ खुणेवर न्यावी, खर्च माझ्या शिलकीतून करावा. माझ्या बाजूचे उरलेले घर मुलाचे. मुला, "दीड फुटासाठी एवढा खटाटोप?" असे तू विचारलेस. मीही एवढ्याचसाठी एका रविवारी एवढाच खटाटोप केला होता.

कलम ४. पत्नीची शास्त्राची प्रत मुलाला द्यावी. त्याने रोज वाचावी अशी अट मी आधी लिहिली होती, ती खोडली. दादा गेल्यावर मी बावीस दिवस वाचले नाही. ऐकणारा गेला, काम संपले असे समजलो. पण सहाला जाग यायची आणि मी उगाच भिंतीकडे बघत बसायचो. तेविसाव्या दिवशी हळू आवाजात वाचायला घेतले, आणि आपण काय वाचतो आहोत ते पहिल्यांदा माझ्या कानांनी ऐकले. त्याला तीन वर्षे झाली. असे अट घालून होत नाही. मुलाने विचारलेच तर एवढेच सांगणे: रोज एकच अध्याय. उत्साह आला तरी दोन नाहीत, आणि समजला नाही म्हणून थांबू नये.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला शोकाला साजेसा उतारा शोधू नये. माझ्या शास्त्रातली खुणेची फीत ज्या पानावर असेल त्याच्या पुढचा अध्याय वाचावा. पुतणीने वाचावा. नुसती वंशावळ आली, देवाच्या तंबूची मापे आली, तरी बदलू नये. लोक चुळबुळ करतील, करू द्यावी.

(सही)
मृत्युपत्र करणार

आम्ही दोघांनी वरील मजकूर त्यांच्या तोंडून ऐकला, त्यांना सही करताना पाहिले, आणि त्यांच्यासमोर सह्या केल्या. या घरात आम्हा दोघांचा कसलाही वाटा नाही.

साक्षीदार १: आमच्या मंडळीचे पाळक (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ जून, सकाळी साडेसात