बिनगळाच्या काठ्या

रेटफर्ड
२१ नोव्हेंबर

प्रिय टॅम्सिन,

परवा मी तुझ्या बाबांचा मासेमारीचा परवाना रद्द केला. क्लबची चिटणीस मी, त्यामुळे तो मलाच रद्द करावा लागला. रॉयस्टन स्वतः तुला हे फोनवर अर्धवट सांगेल किंवा सांगणारच नाही, म्हणून लिहिते आहे. तू आणि मुलं बरी असाल. तिकडे कॅनडात, हॅलिफॅक्सला एव्हाना बर्फ पडू लागलं असेल. इथे नुसता चिखल आहे.

कारण असं, की उन्हाळा संपल्यापासून रॉयस्टन तलावावर राहत होता. मासे धरायला जात नव्हता, राहत होता. चिप्सच्या दुकानाच्या वरची त्याची भाड्याची जागा मालकाने विकली आणि त्याला निघावं लागलं. त्याने हे कोणालाही सांगितलं नाही.

आमचा तलाव तुला आठवत असेल, खडी काढून झाल्यावर पाण्याने भरलेला. तुझे जेफ्रीकाका गेल्यापासून क्लबचं काम मी बघते. तिथे रात्री बसायला परवानगी आहे, पण कापडी आडोसा उभा असेल तर मासेमारीच्या काठ्या पाण्यात हव्यात. काठ्या बाहेर आणि आडोसा उभा, म्हणजे तो मुक्काम, आणि मुक्कामाला मनाई आहे. आडोशाला तळ शिवलेला असेल तर तो तंबू धरला जातो, तोही चालत नाही. दोन रात्रींनंतर सामान उचलून घरी जायचं. एका वर्षी लोक बायकामुलं आणि कोंबडी भाजायच्या जाळ्या घेऊन यायला लागले, तेव्हा हे नियम मीच लिहिले.

रॉयस्टनने ते सगळे पाळले. दोन रात्री झाल्या की तो आडोसा मोडायचा, दिवसभर गावातल्या वाचनालयात बसायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या काठावर पुन्हा उभारायचा.

मग तलावाचा राखणदार विल्फ याचा मला फोन आला.

"मॅडम, एक घोटाळा झालाय. तुमचे बंधुराज झोपले होते, दोन्ही काठ्या पाण्यात. एकीची दोरी अडकली असं वाटलं म्हणून मी गुंडाळून पाहिली, तर टोकाला गळच नाही! नुसतं शिशाचं वजन. दुसरीचंही तेच."

"मग?"

"मग उठवलं त्यांना. म्हटलं, अहो, मासा काय हाताने दोरी धरून वर येणार आहे? तर म्हणाले, 'मासा लागला की उठावं लागतं रे विल्फ. अंथरूण परत गरम व्हायला फार वेळ लागतो.'" विल्फ हसला. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला. "बिनगळाच्या काठीबद्दल नियमांत काही नाही, मॅडम, मी वाचून पाहिलं. पण ही मासेमारी तर नव्हे. तुम्ही म्हणत असाल तर मी काही पाहिलंच नाही."

"परवाना रद्द," मी म्हटलं. शाळेत बोलायची त्याच आवाजात.

इथवर वाचून तुला मी जरा कडक बहीण वाटेन, एवढंच. पुढचं लिहायचं काल मी दिवसभर टाळलं.

तो आडोसा मी निवडून दिलेला होता.

"हेडबाई, अधूनमधून एखादी रात्र काढायला स्वस्तात काय घ्यावं?" असं त्याने उन्हाळा संपता संपता विचारलं होतं. मी हेडबाई कधीच नव्हते, रसायनशास्त्र शिकवायची, पण त्याने ते नाव कधी सोडलं नाही. मला असलं काम आवडतं. त्याच्याच गाडीतून आम्ही डॉंकास्टरच्या दुकानात गेलो. एक होता मोठ्या छत्रीसारखा, एकेरी कापडाचा, पुढून उघडा. दुसरा घुमटासारखा, दुहेरी कापडाचा, त्यामुळे आतून वाफेचं पाणी सुटत नाही. पुढे दार, पण किंमत तिप्पट. सुपरमार्केटमधला सहलीचा तंबू सगळ्यांत स्वस्त पडला असता, पण त्याला तळ शिवलेला, म्हणून तो मी घरीच बाद केला होता.

रॉयस्टन त्या घुमटात शिरला. आत मांडलेल्या खाटेवर पोटावर हात ठेवून आडवा झाला. मग उभा राहिला.

"ऑड्री, इथे उभ्याने पॅन्ट घालता येते गं!"

"मासे धरायला उभ्याने पॅन्ट घालावी लागत नाही."

दुकानातला माणूस हसला. रॉयस्टनही हसला. मग त्याने दाराची चेन खालीवर करून पाहिली आणि त्या माणसाला विचारलं, "ही आतून बंद होते ना?"

"महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला घुमट कशाला?" मी म्हटलं. "छत्री पुरे. नोव्हेंबरात कोण जातंय?"

"खरंय. नोव्हेंबरात कोण जातंय," तो म्हणाला.

छत्री ठेवायला त्याच्या गाडीचं मागचं दार उघडलं. आत इस्त्री होती. हँगरला अडकवलेला सूट होता. तुझ्या आईने घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं. जागा करण्यासाठी ते मीच उचलून बाजूला सरकवलं.

परतताना तो म्हणाला, "तुझी मागची खोली रिकामीच असते का अजून?"

"नुकताच भिंतींना नवा कागद लावलाय," मी म्हटलं.

"छान."

आणि मग घर येईपर्यंत कोणतं कापड किती पाऊस थोपवतं ते मी त्याला समजावत होते.

मला कळलं होतं, टॅम्सिन. घड्याळ हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं. त्याच्या सिगारेटी, ओले बूट, सकाळी तळलेल्या ब्रेडचा वास, मोठ्या आवाजातलं फुटबॉल, यांतलं काहीही मला घरात नको होतं. जेफ्री गेल्यावर मला एकटीच्या घराची सवय झाली असं मी सगळ्यांना सांगते. सवय नाही, ते मला आवडतं. तो तोंड उघडून मागेल तेव्हा बघू, असं मी ठरवलं. तो मागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

तू ऑक्टोबरात लिहिलंस, की बाबांशी बोलताना मागे सारखा बदकांचा आवाज येतो, ते ठीक आहेत ना? मी उत्तर दिलं, की निवृत्त माणसाला छंद हवाच, काळजी करू नकोस. ते लिहिताना खिडकीवर पाऊस वाजत होता.

परवा सकाळी मी तलावावर गेले. छत्रीच्या काडीला आरसा टांगून तो दाढी करत होता. उघड्या बाजूला त्याने निळा शॉवरचा पडदा चिमट्यांनी लावला होता. अंथरुणाचं पायाकडचं टोक मी हाताने दाबून पाहिलं. ओलं होतं.

"ये, बस. चहा टाकतो. साखर मात्र नाही, विल्फने संपवली."

"रॉयस्टन, परवाना दे."

त्याने हात पुसून पाकिटातून कार्ड काढलं. "घे. गळ लावायला हवे होते, चुकलंच माझं. आधी लावायचो गं. एका पहाटे असा मोठा मासा लागला म्हणून सांगू! पार भिजून गेलो. वजन करायला दुसरं कोणी नाही. दिला सोडून." तो हसला आणि बराच वेळ खोकत राहिला.

"घरी चल."

"कोणाच्या?"

"माझ्या."

त्याने वस्तरा धुतला, मिटला. मग म्हणाला, "कागद वाळला का?"

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो खरंच विचारत होता. मी छत्रीच्या खुंट्या उपटायला लागले. त्याही नीट निघेनात. शेवटी त्यानेच पुढे होऊन उपटल्या.

आता तो मागच्या खोलीत आहे. डॉक्टरांनी तपासलं, छाती साफ आहे. आंघोळीला जाण्याआधी विचारतो. कप धुऊन, पुसून जागेवर ठेवतो. सिगारेट ओढायला फाटकाबाहेर जातो. काल म्हटलं, फुटबॉल लाव. म्हणाला, "नको, तुझी वाचायची वेळ आहे." माझ्या घरात माझा भाऊ परवान्यावर राहिल्यासारखा राहतो आहे, आणि हा परवाना कसा रद्द करायचा हे मला माहीत नाही.

त्याला रविवारी फोन कर. तलावाचं विचारू नकोस, त्याला तुझ्यासमोर तरी मान वर ठेवू दे. रागवायचं असेल तर मला लिही. मी सगळं वाचेन आणि त्यावर खुलासा करणार नाही.

आत्या म्हणावंसं वाटलं तर तुझी आत्या,
ऑड्री

ता. क. नोंद असावी म्हणून. क्लबचे कागद आणि शिक्का आज विल्फकडे सुपूर्द केले, चिटणीसपद सोडलं. रॉयस्टनच्या हातात घराच्या दोन्ही किल्ल्या दिल्या. मागच्या दाराची त्याने ठेवून घेतली. पुढच्या दाराची मला परत दिली.